विहिरीची नक्कल

केरूतात्यांनी आयुष्यात एकोणीस नाटकं लिहिली, पण त्यांतलं एकही नाटक सबंध असं कागदावर नाही.

शहरातल्या माणसाला हे सांगितलं तर तो हसतो. तळ्याच्या वाडीत मात्र कुणी हसत नाही. नाशिक मागं टाकून गिरणाऱ्याच्या रस्त्याला लागलं, की द्राक्षांचे मांडव सुरू व्हायच्या आधी एक फाटा आत वळतो. त्या फाट्याच्या टोकाला ही वाडी. दोन अंगांना शेवंती, एका अंगाला झेंडू आणि मधोमध पाच खोल्यांची शाळा. वाडीतला तिशी ओलांडलेला कुठलाही माणूस धरा, तो लहानपणी तात्यांच्या नाटकात काहीतरी झालेला असतो. कुणी पोस्टमन, कुणी वडाचं झाड, कुणी आजारी बैल. बैल झालेला माणूस आज सोसायटीचा चेअरमन आहे, आणि अजून त्याला गावात कुणीतरी मागून हंबरून दाखवतं.

तात्या सातवी शिकलेले. धंदा फुलांचा. पहाटे तोडायची, टोपल्यांत भरायची आणि नाशिकच्या बाजारात उजाडायच्या आत पोचवायची. दुपारी माणूस मोकळा. ती मोकळी दुपार त्यांनी तीस वर्षं शाळेला दिली. मानधन नाही, हारतुरा नाही. दिवाळीची सुट्टी संपली की ते शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसायचे आणि गॅदरिंगच्या दिवशीच उठायचे, असं मास्तर लोक म्हणत.

नाटक बसवायची त्यांची रीत मात्र जुनी. त्यांचा चुलता गावच्या हौशी मंडळीत काम करायचा, त्याच्याकडून उचललेली. अख्खं नाटक कुणाच्या हातात द्यायचं नाही. ज्याला जे काम, त्याला तेवढीच वाक्यं कागदावर उतरवून द्यायची. त्या कागदाला नक्कल म्हणत. तात्या नक्कल लिहायचे कॅलेंडरच्या पानामागं. खतांच्या दुकानातून दरसाल मिळणारं गुळगुळीत कॅलेंडर, पाठ कोरी करकरीत. निळ्या शाईत त्या पोराचं वाक्य. आणि त्या वाक्याच्या आधी, लाल शाईत, त्याच्या आधी बोलणाऱ्या पात्राचे शेवटचे दोनतीन शब्द. त्या लाल शब्दांना तात्या शेपूट म्हणायचे. शेपूट कानावर पडलं की आपण बोलायचं.

"तात्या, पण अख्खं वाक्य का नाय लिहीत?" पोरं विचारायची.

"कारण मग तू ऐकणार नाय," तात्या म्हणायचे. "पुढचा काय बोलणार ते ठाऊक झालं, की माणूस ऐकायचं थांबतो. अन् ऐकायचं थांबलं की ते नाटक नाय राहत, पाढे म्हणणं होतं. कान उघडे ठेवा. बाकीचं आपोआप येतं."

नाटक झालं की सगळ्या नकला परत घ्यायच्या, गजऱ्याच्या दोऱ्यानं बांधायच्या आणि पत्र्याच्या पेटीत टाकायच्या. त्या पेटीत तात्यांच्या एकोणीस पुड्या होत्या. एकोणीस नाटकं म्हणजे एकोणीस पुड्या. त्यांतल्या अठरा पुऱ्या होत्या.

विसावी बांधायची वेळ आली नाही. शाळेत स्पीकर आले, मोबाइलवरची गाणी आली, गॅदरिंगला सात नाच आणि एक भाषण एवढंच उरलं. तात्यांना कुणी नको म्हटलं नाही. कुणी या असंही म्हटलं नाही.

*

यंदा दिवाळीत त्यांची नात आरोही घरी आली. ती नाशिकला कॉलेजात नाट्यशास्त्र शिकते. तिनं आल्या आल्या चपला काढायच्या आधीच सांगितलं, "तात्या, तुमचं नाटक पाहिजे."

"कुणाला?"

"मला. आमच्या वर्गाला. शाळेतल्या पोरांना घेऊन छोटी नाटकं बसवायची आहेत. सामान कमी, पात्रं कमी, अर्ध्या तासात संपणारी. आणि सर त्यांचं पुस्तक काढणार आहेत. शाळांना वाटायला. मी सरांना सांगून बसले, माझ्या आजोबांचं विहिरीवरचं नाटक घ्या."

 तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. त्यांना आनंद झाला की ते असं करायचे.

मालनबाई आतून पोहे घेऊन आल्या. "झालं. आता लेखक महाराज जमिनीवर चालायचे नाहीत. उद्या फुलं कोण तोडणार?"

"तू गप गं," तात्या म्हणाले. "पुस्तकात नाव येणार हाय."

"येऊ द्या की. नावाला पोहे चालत असतील तर त्यालाही वाढते."

पेटी उघडली. विहिरीच्या नाटकाची पुडी तळाशी होती. गजऱ्याचा दोरा काळा पडला होता. तात्यांनी तो दातानं तोडला आणि पानं सतरंजीवर मांडली. जानेवारी, सरपंच. फेब्रुवारी, माळीण. मार्च, गुराखी. एप्रिल, मास्तर. जून, म्हातारी.

"मे?" आरोहीनं विचारलं.

मे महिना विहिरीचा होता. विहीर म्हणजे नाटकाचा जीव. गावची विहीर आटते, गाव तिच्या काठावर पंचायत भरवतं, पाणी कुणी संपवलं म्हणून एकमेकांकडं बोट दाखवतं. शेवटी म्हातारी म्हणते, जिचं पाणी गेलं तिलाच विचारा की. मग विहीर बोलते. वेताचं मोठं कडं, त्याला गोणपाट गुंडाळलेलं, आणि आत उकिडवी बसलेली एक मुलगी. ती दिसत नाही. तिचा नुसता आवाज येतो. निम्मं नाटक त्या आवाजाचं होतं.

"मे नाय," तात्या म्हणाले. त्यांच्या कपाळावर आठी आली. "त्या पोरीनं परत केलाच नव्हता. प्रतिभा. सगुणाबाईची. बघ, एकवीस वर्षं झाली. शंभरावर पोरांनी नकला आणून दिल्या, तिनंच तेवढी दिली नाय."

हे त्यांनी इतक्या खात्रीनं सांगितलं, की मालनबाई काहीतरी बोलणार होत्या त्या थांबल्या.

*

त्या वर्षी काय झालं ते तात्यांना असं आठवत होतं.

नाटक गॅदरिंगला झालं, मग केंद्रात पहिलं आलं, मग तालुक्यात. आणि मग नाशिकला, जिल्ह्याच्या स्पर्धेला. पोरांना तात्यांच्याच टेम्पोतून नेलं होतं. सकाळी फुलं उतरवली, त्याच टेम्पोत पोरं चढवली. अंगाला शेवंतीचा वास घेऊन ती पोरं त्या मोठ्या नाट्यगृहात शिरली आणि लाल खुर्च्या बघून गप्पच झाली. नाटक रंगलं. पुढच्या रांगेतले परीक्षक पेन खाली ठेवून बघायला लागले, हे तात्यांनी विंगेतून पाहिलं. आणि नेमका तेव्हा सरपंच झालेला योगेश अडकला.

त्याला वाक्यच आठवेना. तो उभा राहिला, फेट्याला हात लावला, घाम पुसला. प्रेक्षागृहात चुळबुळ सुरू झाली. तेवढ्यात विहिरीतून, गोणपाटाच्या आतून, सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज आला, "या गावचं पाणी मी मोजून देईन, असं म्हण."

योगेश लगेच म्हणाला, "या गावचं पाणी मी मोजून देईन, असं म्हण."

नाट्यगृह हसून हसून आडवं झालं. नाटक पुढं गेलं, नीट संपलं, पण नंबर दुसरा आला. परीक्षकानं भाषणात सांगितलं, तळ्याच्या वाडीची विहीर फार हुशार निघाली, सरपंचाला पाठ देत होती. पुन्हा हशा.

परतीच्या वाटेवर तात्या टेम्पोत पोरांबरोबर मागं बसले. आणि प्रतिभाला थोडं बोलले. थोडंच. एवढंच त्यांना आठवत होतं. पुढच्या वर्षी ती नाटकात आली नाही, आणि नक्कलही दिली नाही.

*

सगुणाबाईंनी लेकीचा पत्ता दिला. प्रतिभा सिन्नरला दिली होती. नवरा आणि ती, दोघंही तिथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला. तिच्या सुट्टीचा वार बघून तात्यांनी एसटी धरली. मांडीवर शेवंतीची टोपली, वर ओलं फडकं. मे महिन्याचं पान मिळालं की ते कुठल्या खिशात ठेवायचं, याचासुद्धा त्यांनी विचार करून ठेवला होता.

दार बारा वर्षांच्या पोरीनं उघडलं. तिच्या मागून प्रतिभा आली, आणि तात्या क्षणभर चुकले. पोरीत ती जुनी प्रतिभा दिसत होती, आणि समोरच्या प्रतिभात ती दिसत नव्हती.

"तात्या!" तिनं पदराला हात पुसले आणि वाकून पाया पडली. "सृष्टी, पाया पड. हे आमच्या वाडीचे तात्या. नाटकवाले."

"नाटकवाले?" सृष्टीनं विचारलं. "आई, तू तर म्हणतेस तू नाटकात कधी..."

"चहा ठेव जा," प्रतिभा म्हणाली.

चहा आला. शेवंतीचं कौतुक झालं. वाडीत कोण गेलं, कोण राहिलं ते बोलून झालं. मग तात्यांनी नात, कॉलेज, पुस्तक असं सगळं सांगितलं आणि मोठ्या मनानं म्हणाले, "इतकी वर्षं मी काय मागितली नाय. म्हटलं, पोरीच्या जातीनं हौसेनं ठेवली आसंल, राहू दे. पण आता कामच पडलं. तेवढी विहिरीची नक्कल दे बाई. झेरॉक्स काढून परत करतो."

प्रतिभानं कप खाली ठेवला.

"माझ्याकडं नाही, तात्या."

"हरवली?"

"तुम्ही घेतली ना."

तात्या हसले. "मी कशाला घेऊ? माझ्या पेटीत नाय."

"टेम्पोत घेतली. गिरणाऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर." ती रागावली नव्हती. पाटपाण्याची पाळी कधी होती ते सांगावं तसं सांगत होती. "मी मागच्या फळीला टेकून बसले होते. नक्कल माझ्या पोलक्यात होती, दुमडून. तुम्ही म्हणालात, दे इकडं. मी म्हटलं, तात्या, घरी जाऊन देते, आईला दाखवायचीय. तुम्ही म्हणालात, तुला विहीर केलं होतं, हेडमास्तरीण नाय. दुसऱ्याच्या वाक्यात तोंड घालणारीला माझ्या नाटकात जागा नाय. दे. सगळे बघत होते. योगेशसुद्धा. मग मी दिली. मला ती पोलक्यातून काढताना सगळ्यांकडं पाठ करावी लागली. टेम्पो हलत होता."

बाहेर कुणीतरी दुचाकी सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. तात्या तो आवाज ऐकत राहिले.

"मी एवढं बोललो?"

"याच्यापेक्षा जास्त बोललात. पण ते राहू द्या."

"अगं पण तू..." तात्यांच्या तोंडातून सवयीनं जुनंच वाक्य निघालं. "दुसऱ्याचं वाक्य तुला पाठ कसं झालं? मी तर कुणाला..."

"तुम्हीच म्हणायचात ना, कान उघडे ठेवा. मी ठेवले. गोणपाटात बसून मला दुसरं कामच काय होतं? दिसत काही नव्हतं. दोन महिने नुसतं ऐकलं. सगळ्यांचं सगळं पाठ झालं. मला वाटलं तुम्ही खूश व्हाल."

तात्यांनी टोपी काढली. या वेळी ती त्यांनी पुन्हा घातली नाही, गुडघ्यावर ठेवली.

"चुकलं माझं, पोरी," ते म्हणाले.

प्रतिभानं त्या टोपीकडं पाहिलं. "तात्या, टेम्पोत सगळे होते," ती म्हणाली. "इथं आपण दोघंच आहोत."

सृष्टी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं असावं, कारण तिनं तात्यांच्या कपात न विचारता आणखी चहा ओतला.

निघताना उंबऱ्यात तात्यांनी विचारलंच. विचारू नये असं त्यांना वाटत होतं, पण पुस्तक डोळ्यांपुढून हलत नव्हतं. "सगळ्यांचं पाठ होतं म्हणालीस. मग तुझं..."

"दुसऱ्यांची सगळी वाक्यं येतात," प्रतिभा म्हणाली. "माझी तेवढी येत नाहीत." आणि तिनं टोपलीवरचं ओलं फडकं पिळून, घडी घालून त्यांच्या हातात दिलं.

*

घरी आल्यावर तात्यांनी चपला काढल्या, घोटभर पाणी घेतलं आणि मालनबाईंना विचारलं, "त्या स्पर्धेच्या दिवशी मी कुठला सदरा घातला होता, आठवतंय तुला?"

"पांढरा. एकच तर होता धड." मालनबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "त्याच्या खिशात कागदाचा लगदा निघाला होता. धुताना. निळं पाणी झालं होतं, थोडं लाल. मी तुम्हाला विचारलं, हे काय होतं? तर म्हणालात, काय नाय, टाकून दे."

"मग त्या दिवशी पेटी उघडली तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. तुम्ही एवढ्या ठसक्यात त्या पोरीचं नाव घेतलंत. म्हटलं, ज्याचं त्यानं आठवावं."

खिसा. एका खिशात ठेवायचं ठरवून गेलेला माणूस दुसऱ्या खिशाची गोष्ट घेऊन परत आला होता. एकवीस वर्षं त्यांनी एका बारा वर्षांच्या पोरीवर चोरीचा आळ ठेवला होता, आणि तो कुणी पुसला नाही म्हणून तो त्यांना खराच वाटत आला होता. पाऊस कधी झाला, कुठल्या साली झेंडूवर करपा आला, सगळं त्यांना तारीखवार आठवत असे. याच एका दिवसाला त्यांनी सोयीचं कुंपण घातलं होतं.

पुढचे आठ दिवस ते विहिरीची वाक्यं पुन्हा लिहायला बसले. बाकीच्या पाच नकलांवर विहिरीची शेपटं होतीच, लाल शाईत. सरपंचाच्या पानावर, "खाली वाकून बघ." माळणीच्या, "तुझ्या घागरीला विचार." गुराख्याच्या, "तहान कुणाची?" मास्तरच्या, "मी मोजलं नाय." आणि म्हातारीच्या पानावर, अगदी शेवटी, "अजून ओल हाय."

शेपटं होती, जनावर नव्हतं. तात्या लिहायचे आणि खोडायचे. जे सुचे ते सत्तरीच्या माणसाचं असे, शहाणं, लांबलचक. ती विहीर तशी नव्हती. ती थोडी फटकळ होती. आणि आता त्यांना शंका यायला लागली, की तालमीत प्रतिभा जसं बोलायची तसं ऐकून ऐकून त्यांनी निम्मी वाक्यं बदलली होती. म्हणजे लगदा झालेल्या त्या पानावर जे होतं, ते सगळं तात्यांचं नव्हतंच.

त्यांनी आरोहीला फोन करून सांगितलं, "माझं नाटक राहू दे. पुरं व्हायचं नाय ते."

आरोही शनिवारी आली. ती पाच पानं पुढं घेऊन बराच वेळ बसली. मग म्हणाली, "तात्या, आपण विहिरीत खाली तोंड घालून ओरडलं तर काय परत येतं?"

"काय म्हंजे? आपलाच आवाज."

"सगळा?"

तात्या थांबले. "नाय. शेवटचे दोनतीन शब्द."

"मग विहीर तेवढंच बोलू दे. जे उरलंय तेवढंच."

*

जानेवारीत नाशिकमधल्या एका शाळेच्या सभागृहात, भर दुपारी, ते नाटक झालं. वेताचं कडं, गोणपाट, आत एक मुलगी. सरपंच तावातावानं विचारायचा, आणि विहीर थोडा वेळ गप्प राहायची. अगदी एका वाक्याएवढा वेळ. मग खालून यायचं, "खाली वाकून बघ." पोरं हसायची थांबली. माळणीनं विचारलं, पुन्हा तेवढीच शांतता, आणि मग, "तुझ्या घागरीला विचार." मागच्या रांगेतल्या पोरांनी माना पुढं काढल्या. सगळं सभागृह त्या न आलेल्या शब्दांना कान लावून बसलं होतं. तात्यांनी तीस वर्षं पोरांना जे करायला सांगितलं, ते आज तीनशे माणसं न सांगता करत होती.

तात्या पहिल्या रांगेत होते. त्यांच्या शेजारी मालनबाई. प्रत्येक शांततेला तात्यांना टेम्पोची फळी दिसत होती, आणि पाठ फिरवून पोलक्यातून कागद काढणारी पोरगी.

"अजून ओल हाय," विहीर म्हणाली, आणि पडदा पडला.

टाळ्या थांबेनात. आरोहीचे सर मंचावर आले. म्हणाले, विहिरीनं अर्धंच बोलावं ही कल्पना ज्याला सुचली तो मोठा लेखक. त्यांनी तात्यांना वर बोलावलं, शाल घातली, माइक हातात दिला.

तात्यांनी बोलायचं घोकलं होतं. घरी शेवंतीच्या वाफ्यात उभं राहून चार वेळा म्हणून पाहिलं होतं. पण माइक हातात आला आणि त्यांचा आवाज बसला.

"ही कल्पना नाय," ते म्हणाले. "ही माझी चूक हाय. विहिरीची वाक्यं एका पोरीकडं होती. प्रतिभा तिचं नाव. तिनं एका पोराला अडचणीत हात दिला, म्हणून मी तिच्याकडनं नक्कल काढून घेतली. सगळ्यांदेखत. अन् वर एकवीस वर्षं म्हणत राहिलो, तिनंच ठेवून घेतली. त्या पानावर माझं होतं तेवढंच तिचं होतं. तुम्ही टाळ्या वाजवल्या ते सगळं माझ्या खिशात भिजून गेलंय. मी त्या पोरीची माफी मागतो. सगळ्यांदेखत."

क्षणभर कुणाला काही समजलं नाही. मग सरांनी भारावून टाळी वाजवली. एवढा मोठा माणूस, आणि केवढी नम्रता, असं ते शेजारच्या बाईंना म्हणाले. आणि पुन्हा सगळं सभागृह वाजायला लागलं, मघापेक्षाही जोरात. तात्या हात वर करून "नको, नको" करत होते, तसे लोक आणखी वाजवत होते. खाली मालनबाई तेवढ्या मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या.

शाल घडी करून तात्या बाजूच्या दारानं बाहेर आले. फाटकाजवळ गुलमोहराखाली प्रतिभा उभी होती, सृष्टीचा हात धरून. तात्यांनी निरोप धाडला होता, पण ती येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"मागं बसलो होतो आम्ही," ती म्हणाली. "नीट ऐकू येत नव्हतं. वाडीच्या शाळेत तर ओरडून सांगायचात, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज गेला पाहिजे."

"ऐकू आलं का पण?"

"आलं." तिनं सभागृहाकडं मान वळवली. "टाळ्या कशाला वाजवत होते ते?"

"त्यांना नाय कळलं."

"हं."

नाटक बघायला आलेली पोरं आता रांगेनं बाहेर पडत होती. त्यांतला एक जण दुसऱ्याच्या कानात तोंड घालून विहीर होत होता. प्रतिभा त्याच्याकडं बघून पहिल्यांदा हसली.

"ती पोरगी चांगली बोलली," ती म्हणाली. "फक्त आत बसून पाय बदलत होती. गोणपाट हलत होतं. मी अर्धा तास एका पायावर बसायचे."

"तुला..." तात्यांनी सुरुवात केली.

"मला सगळं आठवतं, तात्या. पहिल्या वाक्यापासून. त्या दिवशी सिन्नरला मी खोटं बोलले." तिनं सरळ त्यांच्याकडं पाहिलं. "पण देणार नाही. पुस्तकासाठीसुद्धा नाही."

तात्यांच्या मनात एकदम भूक उठली. ते शब्द तिथंच होते, चार हातांवर, तिच्या ओठांच्या आत. मागितले असते, आणखी एकदा वाकले असते, तर कदाचित मिळाले असते. त्यांचा उजवा हात थोडा पुढं झालासुद्धा, टेम्पोत झाला असेल तसा. तो त्यांनी शालीखाली घेतला.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "ती तुझी हाय."

ती वाकून पाया पडली. सृष्टीही पडली. मग त्या दोघी फाटकातून बाहेर पडून सिन्नरच्या जीपकडं चालू लागल्या. थोड्या अंतरावर सृष्टीनं आईचा हात ओढून काहीतरी विचारलं. प्रतिभा थांबली. पोरीच्या उंचीला वाकली, आणि हळू आवाजात, न अडखळता, एक लांब वाक्य म्हणाली. सृष्टी तोंड उघडं ठेवून ऐकत होती.

रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता. तात्यांनी मान कलती करून कान दिला. त्यांच्यापर्यंत शेवटचे तीनच शब्द पोचले.

"अजून ओल हाय."